माजी सैनिकांसाठीच्या आमच्या संस्थेचा पैसा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळच्या एका चाळीत दहा बाय बाराच्या खोलीतून आमची संस्था चालते. दोन पगारी माणसं, सात विश्वस्त, एक कपाट. मी खजिनदार. देणगीदारांचे, मदत मागणाऱ्यांचे आणि कधी नुसतेच चौकशीचे फोन मलाच येतात. पैशाबद्दल विचारायला लोक अवघडतात, हे माझ्या लक्षात आलंय. अवघडू नका. पैसा तुमचा आहे, म्हणून विचारलेलं सगळं इथे लिहून ठेवलंय.

सैनिकांना सरकार पेन्शन देतं. मग तुमची गरज कुठे?

सगळ्यांना पेन्शन नसतं. शिपायाला ते मिळायला साधारण पंधरा वर्षांची नोकरी पूर्ण व्हावी लागते. घरी वडील वारले, शेत पडीक पडलं, भाऊ लहान होते, अशा कारणांनी सहा-आठ वर्षांत फौज सोडून आलेले पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटल्याचं नोंदपुस्तक असतं, कधी पेटीत गुंडाळलेली पदकं असतात, पण दरमहा काही येत नाही.

माझे वडील त्यांतलेच. नऊ वर्षांनी परत आले आणि परळच्या गिरणीत लागले. जानेवारी १९८२मध्ये संप सुरू झाला. त्यानंतर गिरणीही नाही आणि फौजेचं पेन्शनही नाही. आई घरी पापड लाटायची. हे सांगते, कारण मी ही वही का सांभाळते असं लोक विचारतात.

माजी सैनिकांसाठीची ईसीएचएस ही आरोग्य योजना २००३ साली आली, पण तीही मुख्यतः पेन्शनधारकांसाठी. त्यामुळे ज्याला पेन्शन नाही, त्याला बहुधा औषधंही नाहीत. आमच्याकडे येणाऱ्यांत असेच लोक आणि त्यांच्या विधवा जास्त. वीरनारींसाठी, म्हणजे कर्तव्यावर असताना वीरमरण आलेल्या सैनिकांच्या पत्नींसाठी, सरकारी सोयी बऱ्या आहेत. त्यांच्या बाबतीत पैशापेक्षा कागदांची मदत जास्त लागते.

मी १०० रुपये दिले तर गरजूपर्यंत किती पोचतात?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून उत्तर सरळ देते. शंभरातले चाळीसएक रुपये आमच्या दोन कर्मचाऱ्यांच्या पगारावर आणि प्रवासावर जातात. पाच-सहा रुपये लेखापरीक्षण, टपाल, फोन आणि विजेचे. बाकीचे औषधं, फी, चष्मे, श्रवणयंत्रं, तात्पुरता शिधा यांवर. खोलीला भाडं नाही, ती एका दिवंगत विश्वस्तांच्या कुटुंबाने वापरायला दिली आहे. विश्वस्त मानधन घेत नाहीत, रिक्षाचे पैसेही नाहीत.

चाळीस रुपये पगारावर? हे जास्त नाही का?

हा आकडा मी लपवत नाही आणि त्याबद्दल मला संकोचही नाही. का, ते एका प्रकरणावरून सांगते.

नालासोपाऱ्याच्या एका काकूंचे यजमान पेन्शनर होते. ते गेले आणि कुटुंब निवृत्तिवेतन सुरूच होईना. कारण असं, की लग्नात नवऱ्याने तांदळाच्या ताटात अंगठीने जे नाव लिहिलं, ते आधार कार्डावर होतं. पलटणीच्या रेकॉर्डमध्ये मात्र माहेरचं. दोन्ही नावं त्यांचीच, पण कागदाच्या दृष्टीने त्या दोन बाया. आमच्याकडे काम करणाऱ्या मुलीने त्यांच्या गावच्या शाळेतून दाखला काढला, राजपत्रात नावाची नोंद केली, प्रतिज्ञापत्र करून घेतलं आणि बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्रं लिहीत राहिली. दोनदा फाइल परत आली. एकदा जन्मतारखेत एक आकडा चुकला होता म्हणून, एकदा फोटोवर सही नव्हती म्हणून. चौदा महिन्यांनी प्रयागराजहून सुधारित पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश निघाला. किमान कुटुंब निवृत्तिवेतनच ९,००० रुपये, वर महागाई भत्ता, आणि ते त्यांना हयातभर मिळणार. शिवाय चौदा महिन्यांची थकबाकी एकदम खात्यात आली. पासबुक घेऊन त्या खोलीत आल्या तेव्हा ते उघडून दाखवायचंही त्यांना सुचेना. नुसतंच माझ्या हातात दिलं आणि बसून राहिल्या.

या कामात काकूंच्या हातात संस्थेचा एक रुपयाही गेला नाही. सगळा खर्च पगार, टपाल आणि एसटीच्या तिकिटांचा. शंभरातले किती ‘थेट’ पोचले एवढंच मोजलं, तर या प्रकरणात आम्ही शून्य मदत केली असं निघेल.

त्या मुलीला आम्ही शहरात टिकून राहता येईल असा पगार देतो. ती सोडून गेली तर तिच्या डोक्यातली माहिती तिच्याबरोबर जाते. महार रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला. कुठे कुठला अर्ज कसा लिहायचा आणि किती दिवसांनी स्मरणपत्र धाडायचं, हे शिकायला दोन वर्षं लागतात.

सरकारी मदत कुठली मिळते? तीच मिळवून देता का?

हो, आधी तीच. पेन्शन नसलेले, ६५ वर्षांवरचे, नियमित उत्पन्न नसलेले माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा यांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा अनुदान मिळतं. मात्र सैनिकाचा हुद्दा हवालदार, त्याच्या बरोबरीचा किंवा त्याखालचा हवा. हे अनुदान ४,००० रुपये होतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून केलेल्या अर्जांसाठी ते ८,००० झालं आहे. म्हणजे वर्षाला ९६,०००. मुलांच्या शिक्षणाचं अनुदान दरमहा दरडोई १,००० वरून २,००० झालं, दोन मुलांपर्यंत. मुलीच्या लग्नासाठीचं ५०,००० वरून १ लाख, दोन मुलींपर्यंत. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पुढे जातो.

ऐंशीच्या घरातल्या माणसाने मोबाइलवर डिस्चार्ज बुक स्कॅन करून चढवायचं, ओटीपी वाचायचा, तोही नातवाच्या फोनवर आलेला. तिथेच गाडी अडते. आमची खोली त्यासाठी आहे.

रुग्णालयाचं बिल तुम्ही भरता का?

कधी भरतो, पण पहिलं काम ते नाही. मुंबईतल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६च्या आदेशाने ही योजना आली. दाखल होतानाच समाजसेवा विभागात जाऊन उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका दाखवायची. डिस्चार्जच्या दिवशी बिल हातात पडल्यावर धावपळ केली तर फार काही होत नाही. म्हणून आम्हाला आधी कळवा, रात्री अकरा वाजता असलं तरी कळवा.

सातारा-कोल्हापूरकडून टाटा रुग्णालयात उपचाराला येणाऱ्यांचा मोठा खर्च राहण्या-खाण्याचा असतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत सोय झाली तर आम्ही फक्त प्रवास आणि औषधांचं बघतो. पैसे शक्यतो थेट औषधाच्या दुकानाला किंवा शाळेला धाडतो. अविश्वास म्हणून नव्हे. घरात आजारी माणूस असला की हातात आलेल्या रकमेवर दहा गरजा तुटून पडतात आणि औषध मागे पडतं, हे आम्ही पाहिलंय.

देणगीवर आयकरात सूट मिळते का?

मिळते, पण पूर्ण नाही, आणि सगळ्यांना नाही. आम्हाला दिलेल्या देणगीच्या ५० टक्के रक्कम तुमच्या उत्पन्नातून वजा होते, तीही एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. समजा तुम्ही १०,००० दिले. ५,००० वजा झाले. तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकर धरून १,०४० रुपये कर वाचला. ‘दहा हजार दिले की दहा हजार वाचतात’ असं कुणी सांगितलं असेल तर ते चूक आहे. राष्ट्रीय संरक्षण निधीला दिलेल्या देणगीवर १०० टक्के वजावट आहे. तुमच्यासाठी करसवलतच मुख्य असेल तर तिकडे द्या, पैसा सैनिकांच्याच कामी जाईल.

आणि तुम्ही नवी करप्रणाली घेतली असेल तर ही वजावट मिळतच नाही. २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते, जुनी मागून घ्यावी लागते. देणगी देऊन झाल्यावर हे कळलं की लोक हिरमुसतात, म्हणून आम्ही आधीच सांगतो. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. बोलण्यात मात्र देणगीच्या या सवलतीला सगळे अजून जुन्या कलमावरून ‘८०जी’च म्हणतात.

पॅन का मागता?

देणगीदारांची यादी दरवर्षी ३१ मेपर्यंत आयकर विभागाकडे भरावी लागते. त्यात तुमचं नाव आणि पॅन बरोबर असेल तरच तुमचं प्रमाणपत्र निघतं. नुसती आमची पावती आता पुरत नाही.

यात आमची एक चूक झालेली आहे, तीही सांगते. एका वर्षी ही यादी आम्ही उशिरा भरली. दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क लागलं आणि वीसेक देणगीदारांना प्रमाणपत्र वेळेत मिळालं नाही. चूक माझी होती. मेमध्ये मी गावी होते आणि पासवर्ड दुसऱ्या कुणाकडे नव्हता. ते शुल्क आम्ही विश्वस्तांनी आपापल्या खिशातून भरलं, संस्थेच्या खात्यातून नाही. आता पासवर्ड बंद पाकिटात अध्यक्षांकडेही असतो.

रोख चालेल का?

चालेल, पण २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर त्यावर करसवलत नाही. यूपीआय किंवा धनादेश बरा. नाव न सांगता द्यायचं असेल तर छोटी रक्कम द्या. निनावी देणग्या एका मर्यादेपलीकडे गेल्या की संस्थेला त्यावर ३० टक्के कर भरावा लागतो.

७ डिसेंबरला तुम्ही डबे घेऊन फिरता का?

नाही. सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९पासून ७ डिसेंबरला पाळला जातो आणि त्याचा निधी सरकारचा आहे. महाराष्ट्रात त्याचं संकलन जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली होतं. तो निधी वेगळा आणि आमची देणगी वेगळी. त्या दिवशी आमच्या नावाने कुणी लोकलमध्ये डबा वाजवत असेल तर तो आमचा माणूस नाही. आम्ही रस्त्यावर, गाडीत, सिग्नलला कधीच पैसे मागत नाही. वर्दीचा फोटो लावलेले क्यूआर कोड व्हॉट्सॲपवर फिरतात, तेही आमचे नाहीत. असा कोड आढळला तर तडक १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर तक्रार करा.

आमच्या कंपनीचा सीएसआर निधी (समाजकामासाठी राखलेला) घ्याल का?

आनंदाने. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात माजी सैनिक, युद्धविधवा आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले यांच्या हिताचं काम स्पष्टपणे समाविष्ट आहे. त्यासाठी लागणारी सीएसआर-१ नोंदणी आमच्याकडे आहे.

अडचण वेगळी आहे. हा पैसा बहुतेक वेळा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आणि ३१ मार्चच्या आत संपवायचा असतो. विधवेची फाइल महिनाभरात संपत नाही. म्हणून कंपन्या व्हीलचेअर वाटपाचा कार्यक्रम सुचवतात. एकदा एका कंपनीने चाळीस व्हीलचेअर देऊ केल्या. आमच्या यादीत त्या वेळी गरज तिघांना होती आणि चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला जिना उतरवायला व्हीलचेअरचा उपयोगही नसतो. आम्ही तीन घेतल्या आणि उरलेल्या रकमेतून वर्षभराची औषधं देता येतील का विचारलं. उत्तर आलं नाही. तुमच्या कंपनीत तुमचा शब्द चालत असेल तर जूनमध्ये आमच्याशी बोला आणि तीन वर्षांचा करार करा. तेवढ्याने आमचा निम्मा घोर मिटेल.

भाचा अमेरिकेत आहे, त्याला द्यायचंय.

त्याचा पासपोर्ट भारतीय असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ती विदेशी देणगी धरली जात नाही, आम्ही घेऊ शकतो. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असूनही घेता येत नाही. त्यासाठी एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी लागते, दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत वेगळं खातं लागतं आणि त्या पैशातून प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. आमच्याएवढ्या संस्थेला ते झेपणारं नाही, म्हणून आम्ही ती नोंदणी घेतलेली नाही. भाच्याला सांगा, पुढच्या वेळी आला की खोलीत येऊन जा.

बँकेत शिल्लक असताना पुन्हा देणगी का मागता?

कायद्याने वर्षाच्या उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम त्याच वर्षी कामावर खर्च व्हावी लागते, १५ टक्के मागे ठेवता येते. त्याहून जास्त ठेवायचं तर कशासाठी ते लिहून द्यावं लागतं आणि पाच वर्षांत वापरावं लागतं. त्यामुळे माया साठवून बसायला जागाच नाही.

जी शिल्लक दिसते, ती सहा महिन्यांच्या पगाराची आणि औषधांची. २०२०च्या टाळेबंदीत देणग्या आटल्या आणि मदत मागणारे वाढले, कारण सुरक्षारक्षकाच्या नोकऱ्या करणारे आमचे अनेक माजी सैनिक घरी बसले. त्या वेळी शिल्लक नसती तर औषधं बंद करावी लागली असती. मधुमेहाचं औषध सुरू करून तिसऱ्या महिन्यात बंद करणं यासारखं वाईट काही नाही. ते आम्ही एकदाही केलेलं नाही आणि करणार नाही.

ठेवी कुठे ठेवायच्या यावरही बंधन आहे आणि आम्ही त्याहून जास्त सावध राहतो. एका ओळखीच्या संस्थेची सगळी पुंजी एका सहकारी बँकेत अडकली होती, केवळ अर्धा-पाऊण टक्का व्याज जास्त म्हणून. ठेवींना विमा आहे तो एका बँकेत ५ लाखांपर्यंत. आम्ही दोन बँकांत विभागून ठेवतो आणि व्याज थोडं कमी आलं तरी चालवून घेतो.

चेकवर सही कोण करतं? हिशेब कुठे बघायला मिळेल?

तिघांपैकी दोघांची सही लागते आणि ते दोघे एकमेकांचे नातेवाईक नसतात. विश्वस्तांच्या घरातल्या कुणाला मदत द्यायची नाही, असा ठराव आहे. खर्च रोखीने १०,०००च्या वर एका दिवशी एकाला देत नाही.

आमची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली आहे. दरवर्षी ३१ मार्चला वही बंद होते आणि तपासलेले हिशेब ३० सप्टेंबरच्या आत वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे जातात. त्याची प्रत खोलीत दारामागच्या खिळ्याला टांगलेली असते. या, वाचा. व्हाउचर बघायचं असेल तर तेही काढून देते. मदत घेणाऱ्यांची नावं मात्र झाकून ठेवते. वाडीत ताठ मानेने राहिलेल्या माणसाला आपण मदत घेतो हे शेजाऱ्याला कळलेलं नको असतं. त्यामुळे आमच्याकडे वाटपाचे फोटोही नाहीत.

जुने कपडे, औषधं, कूलर देऊ का?

कपडे नकोत, ठेवायला जागा नाही. न उघडलेली, मुदत शिल्लक असलेली औषधं आधी फोन करून. वस्तूंच्या देणगीवर करसवलत नसते.

मृत्युपत्रात घर ठेवू का?

तुमचा विश्वास फार मोठा आहे. पण संस्थेला मिळालेलं घर विकायचं तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते आणि वेळ जातो. तोवर सोसायटीचा मेंटेनन्स आम्ही भरायचा. जमलं तर ठरावीक रक्कम लिहा.

सीआरपीएफ किंवा बीएसएफमधून निवृत्त झालेल्यांना मदत करता?

ती दलं गृह मंत्रालयाची आहेत आणि त्यांच्या योजना वेगळ्या. पैशाची मदत आमच्या घटनेत बसत नाही. अर्ज लिहून द्यायला कुणालाच नाही म्हणत नाही.

पैसे नाहीत, पण वेळ आहे. काय करू?

नोव्हेंबरमध्ये या. पेन्शनधारकांच्या हयातीच्या दाखल्याचा तो महिना. ज्यांच्या बोटांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत अशा आजी-आजोबांना बँकेत घेऊन जायचं असतं, रांगेत उभं राहायचं असतं, मॅनेजरशी शांतपणे बोलायचं असतं. बदलापूर, विरार आणि घाटकोपरची माणसं जास्त आहेत, तुमच्या मार्गावरची घ्या. बाकीचे महिने शनिवारी दुपारी दोन ते सहा. रेकॉर्ड ऑफिसची पत्रं हिंदीत किंवा इंग्रजीत येतात, ती वाचून मराठीत नीट समजावून सांगणारं कुणी हवंच असतं. येताना चष्मा आणा. जुन्या डिस्चार्ज बुकांतली शाई फिकी झालेली असते.